मावळातली लोकर आणि शिकाऱ्याचे पाय

मावळात थंडीपासून पाय राखण्याचे काम लोकरीच्या मोज्यांकडे फार उशिरा आले. त्याआधी कित्येक पिढ्या ते घोंगडीकडे होते, आणि घोंगडी काही पायांसाठी म्हणून वेगळी नसे. पावसात तिची खोळ डोक्यावर यायची, रात्री तीच अंथरूण नाहीतर पांघरूण व्हायची, बाजाराहून येताना तिच्यात गाठोडे बांधले जाई आणि रानात दबा धरून बसलेला माणूस तीच पायांभोवती गुंडाळून घेई. मोजे आले ते फौजेबरोबर, रेल्वेबरोबर आणि साहेबाच्या शिकारीबरोबर. ते शेतकऱ्याच्या घरात रुळेपर्यंत शिकारीचेच दिवस संपत आले होते.

वलवण हे याच मावळातले, लोणावळ्याला लागून असलेले, बोरघाटाच्या माथ्यावरचे गाव. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांच्या आसपास उंची, वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरांच्या घरात, आणि पश्चिमेला कडा तुटलेला. त्यामुळे कोकणातून वर चढणारा वारा थेट अंगावर येतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. हिमालयाकडचा माणूस या आकड्याला हसेल. पण मावळातली थंडी पाऱ्यावर मोजण्यासारखी नाही, ती ओलीची थंडी आहे. आषाढ-श्रावणात माणूस दिवसदिवस भिजतो आणि कपडा वाळत नाही. पाऊस सरल्यावर गुडघाभर गवतावर दहिवर पडते, आणि त्यातून शंभर पावले चालले तरी पोटऱ्यांपर्यंत ओल चढते. पौष-माघातली कोरडी थंडी तुलनेने सुसह्य. तोवर शेते उघडी पडलेली असतात, शेकोटीला सुके सरपण मिळते.

या ओलीचा पहिला मार पायांवर. भाताची लावणी म्हणजे पोटरीभर चिखलात दिवसभर वाकून उभे राहणे; तिथे पायात काही घालायचा प्रश्नच नव्हता. पाठीवर बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले, पाय उघडे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत. पाऊस संपून वारा कोरडा झाला की त्याच पायांच्या टाचांना भेगा पडत. भेगांवर घाटाखालून येणारे कोकमाचे तेल चोळले जाई. ते थंडीत मेणासारखे गोठते, म्हणून आधी दिव्याच्या ज्योतीवर धरून पातळ करायचे आणि गरम असतानाच भेगेत भरायचे. राळेचे मलमही वापरात होते. या तेला-मलमांचे काम कातडीवर ओलीला अडवणारा थर धरण्याचे, आणि पुढे पहिल्या महायुद्धात युरोपातल्या खंदकांत सैन्याचे डॉक्टर शिपायांच्या पायांना देवमाशाचे तेल चोळायला लावत ते याच कारणासाठी.

चामड्याच्या वहाणा होत्या, पण पावसाळ्याचे चार महिने त्या आढ्याला टांगलेल्या असत. भिजलेले कातडे मऊ पडते, फुगते, शिवण सोडते, आणि कोपऱ्यात ठेवले तर बुरसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास तेल पाजून त्या खाली काढायच्या. जाड तळाची, नाल मारलेली वहाण दगडधोंड्यांत टिकाऊ असते, परंतु करकरते. म्हणून जनावराच्या मागावर असलेला माणूस ती काढून कमरेला अडकवी आणि अनवाणी चाले. अनवाणी पायाला सुके पान कुठे आणि हलता दगड कुठे ते आधी कळते. चालणाऱ्या पायाला गार लागण्याची फिकीर नसते, कारण चढावर रक्त पळत असते. थंडीचे दुखणे सुरू होते ते बसल्यावर.

मावळातली शिकार ही पुष्कळ अंशी बसण्याचीच शिकार होती, आणि तिचे मूळ शेतीत होते. भात निसवला की रानडुकरे खाली उतरतात. एका रात्रीत कळपाने अर्धे खाचर लोळवले तर वर्षाचे दाणे गेले. त्यामुळे भाद्रपदापासून कापणी होईपर्यंत शेतात चार खांबांचा माळा बांधून रात्री जागणे ही शिकार कमी आणि राखण जास्त. हाकारे घालायचे, पत्र्याचा डबा बडवायचा, गोफणीतून दगड सोडायचे, आणि जमलेच तर डुक्कर मारायचे. कापणीनंतर हरभरा, वाल, मसूर अशी हिवाळी पिके ओलीवर येत, त्यांच्यावर ससे आणि भेकरे येत. मग चांदण्या रात्रीची सशाची शिकार, पाणवठ्यावरचे बसणे, आणि शिमग्याच्या सुमारास गावाने मिळून केलेली पारध. महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी हे यात तरबेज. साधने साधी: कुत्री, कुऱ्हाड, भाला, तीरकामठा आणि सुताच्या जाड दोरीची जाळी. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बंदुकीला परवाना लागू झाला, तेव्हापासून ठासणीची बंदूक पाटलाच्या किंवा एखाद्या वजनदार घरात राहिली आणि बाकीचे तिच्या मागे हाकाऱ्याला. त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलांची व्यवस्था कडक झाली आणि वडिलोपार्जित पारध हळूहळू चोरीच्या सदरात गेली.

दबा धरून बसणाऱ्याचे पाय का गारठतात, याचे कारण शरीराच्या व्यवहारात आहे. माणूस घामाघूम होऊन चढ चढतो, मग निश्चल बसतो. स्नायू थांबले की उष्णता बनणे घटते, आणि शरीर असलेली उष्णता छातीपोटासाठी राखून हातापायांकडचे रक्त आवळते. वर घामाने किंवा दहिवराने ओली झालेली कातडी वाऱ्यात वाळताना उरलीसुरली ऊब घेऊन जाते. शेकोटी करावी तर धूर आणि उजेड. पाय हलवावेत तर पाचोळा वाजतो. तेव्हा सुती धोतराचा सोगा पायांवर ओढून घेण्याचा उपयोग थोडाच, कारण सूत भिजले की तंतू एकमेकांना चिकटतात, मधली हवा निघून जाते आणि ओला कपडा अंगाला लपेटून बसतो.

लोकरीचे तसे होत नाही. तिचा तंतू मुळात कुरळा, त्यामुळे भिजल्यावरही दोन तंतूंत अंतर राहते आणि त्या अंतरात हवा राहते. तंतूचा पृष्ठभाग पाणी झटकतो, पण आतला गाभा वाफ शोषतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओल पोटात घेऊनही लोकर हाताला ओलीचिंब लागत नाही. ही वाफ शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते. ती फार नसते, पण उबेतून गार हवेत आल्यावर पहिला काही वेळ ती जाणवते. दख्खनी मेंढीची लोकर तर जाड, राठ आणि केसाळ. शालीसाठी ती कुचकामी, मात्र घोंगडीसाठी याहून बरी मिळणार नाही. राठ केसांवरून पावसाचे पाणी ओघळून जाते आणि वापरात घट्ट दबलेल्या विणीतून वारा सहज शिरत नाही.

माळ्यावर किंवा झुडपाआड बसताना खाली भाताचा पेंढा पसरायचा. पेंढ्याला मावळात तोटा नव्हता. त्यावर घोंगडीचे एक टोक अंथरायचे, पाय पोटाशी घ्यायचे आणि दुसरे टोक पावलांखालून वळवून गुडघ्यांवर आणून कमरेत खोचायचे. वरचा भाग पाठीवरून डोक्यावर. अशा रीतीने दोन्ही पाय एकाच पिशवीत येतात आणि एकमेकांना ऊब देतात. मोज्यापेक्षा ही पद्धत बसलेल्या माणसाला अधिक सोयीची, कारण पायमोज्यामुळे बूट घट्ट झाला तर रक्त आणखी आवळते आणि जाड मोजा असूनही बोटे बधिर होतात. घोंगडीच्या पिशवीत बोटे मोकळी हलवता येतात, तीही आवाज न करता. काळी घोंगडी अंधारात दिसत नाही, हा आणखी एक फायदा. तिचा मेंढराचा आणि चुलीच्या धुराचा वास मात्र डुकराच्या नाकाला लांबून लागतो, म्हणून बसण्याची जागा वारा पाहून ठरवावी लागे.

एवढी लोकर वापरणाऱ्या मावळात मेंढरू मात्र नव्हते. या प्रदेशाच्या इतिहासातली ही खरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट. चार हजार मिलिमीटर पावसात मेंढीचे खूर सडतात, अंगावरची लोकर भिजून जड होते, पोटात जंत होतात आणि कळप बसतो. घाटमाथ्यावर जे धनगर राहिले ते गवळी धनगर, म्हशी आणि गाई पाळणारे. राजमाचीपासून मुळशीपर्यंत आणि खाली महाबळेश्वराकडे त्यांचे धनगरवाडे डोंगरांच्या सपाट माथ्यांवर असत. मेंढीपाळ हटकर धनगर पूर्वेला, कमी पावसाच्या माणदेशात, फलटण-बारामतीकडे, शिरूर-पारनेरकडे. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी धनगरांच्या पोटजातींचा अभ्यास केला, त्यात पाऊस, जनावर आणि वस्ती यांची ही वाटणी फार स्पष्टपणे पुढे आली. ज्या मुलुखाला लोकरीची गरज सर्वाधिक तिथे मेंढी जगत नाही, आणि जिथे मेंढी जगते तिथे कोरड्या रात्री एका चादरीवर निभावतात.

ही तफावत भरून काढली ती फिरस्तीने. दिवाळीनंतर पूर्वेकडचे कळप पश्चिमेला निघत, घाट उतरून कोकणात जात आणि वळवाच्या आधी परत फिरत. वाटेवर कापणी झालेल्या खाचरांत रात्री मेंढरे बसवली जात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देई. या देवघेवीत लोकर आणि घोंगड्याही हात बदलत. बाकीची घोंगडी बाजारातून आणि जत्रांतून येई. पंढरपूर आणि म्हसवड ही घोंगड्यांची जुनी ठिकाणे. आषाढी-कार्तिकीला गेलेला मावळातला वारकरी परतताना खांद्यावर नवी घोंगडी घेऊन येई. तळेगाव, वडगाव, कामशेतच्या आठवडी बाजारांत विणकर किंवा त्याचा माणूस घड्यांचा गठ्ठा घेऊन बसे, आणि काही जण पाऊस लागण्याआधी गावोगाव फिरत. मृगाच्या आधी घोंगडी आणि इरले घरात असणे ही बी-बियाण्याइतकीच निकडीची तयारी होती.

घोंगडीचे काम धनगरांतले खुटेकर आणि सनगर या समाजांचे. कातरणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि थंडी सरताना. त्याआधी मेंढरे नदीच्या धारेत उतरवून धुतली जात. कातरणारा मेंढीचे पाय बांधून तिला कुशीवर पाडतो आणि मोठ्या लोखंडी कातरीने पोटाकडून पाठीकडे लोकर उतरवत जातो. दख्खनी मेंढीची वर्षभराची लोकर किलोभरसुद्धा भरत नाही, म्हणजे दोन-तीन किलोच्या एका घोंगडीला दहाएक मेंढ्यांची एका कातरणीची लोकर लागते. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. ती मऊ, आणि जावळाची घोंगडी सर्वांत मोलाची; लग्नात, देवापुढच्या आसनाला ती हवी. रानात न्यायला कोणी जावळाची घोंगडी काढत नसे.

उतरलेली लोकर उन्हात वाळवून, काटेकुसळे वेचून, रंगांप्रमाणे निवडायची: काळी, पांढरी, करडी. मग कमानीच्या तातेने पिंजायची. सूत काढणे बायकांकडे. चरख्यावर जाडसर, फार पीळ न देता काढलेला धागा घोंगडीला लागतो, कारण घट्ट पिळलेल्या धाग्यात हवा राहत नाही. पुढचा टप्पा खळीचा, आणि सगळ्या कारागिरीत तो निर्णायक. चिंचोके भाजून टरफले काढायची, भिजवून वाटायचे आणि शिजवून चिकट खळ करायची. उभे धागे अंगणात दोन खुंट्यांमध्ये ताणून धरले की कुंच्याने ही खळ एका दिशेने फासत जायचे, म्हणजे राठ केस धाग्याशी चिकटून बसतात आणि मागावर तुटत नाहीत. हे काम कोवळ्या उन्हात व्हावे लागते. कडक उन्हात खळ तडकते, ढगाळ हवेत वाळत नाही. विणकर मग खड्ड्याच्या मागावर बसतो, पाय खड्ड्यातल्या पावड्यांवर, आणि धोट्याने आडवा धागा टाकत जातो. काठाला दोन-चार पांढऱ्या रेघा, की झाली.

नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ असते आणि अंगाला टोचते. पहिल्या पावसात खळ धुऊन गेली की लोकर आटते, तंतू एकमेकांत गुंततात आणि वीण बंद होते. एक-दोन पावसाळे काढलेली घोंगडी नव्यापेक्षा जास्त पाणी अडवते, म्हणून जाणता माणूस नवी घोंगडी घेतल्या घेतल्या रानात नेत नाही. तिचा मोठा दोष वाळण्याचा. पुरती भिजलेली घोंगडी मावळातल्या श्रावणात चार दिवस आढ्याला लोंबत राहते आणि घरभर तिचा वास दरवळतो. ज्या घरात एकच घोंगडी तिथे ओली घोंगडीच पुन्हा पांघरायची, याला इलाज नव्हता.

दरबारी शिकारीत पायांच्या थंडीचा प्रश्न कमी होता. पेशव्यांचा शिकारखाना पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी होता, सवाई माधवरावाला प्राण्यांचा षोक होता. पण ती घोडा, हाकारे आणि तंबू यांची शिकार. घोड्यावर बसणाऱ्याला चामड्याचे जोडे आणि पायघोळ तुमान पुरेशी. श्रीमंत घरांत काश्मिरी शाली होत्या, खानदानी स्त्री-पुरुषांना मोजे ठाऊक होते, पण त्यांचा रानाशी संबंध नव्हता.

रानात मोजा घालणारा पहिला मोठा वर्ग इंग्रज अधिकाऱ्यांचा. १८३० च्या नोव्हेंबरात गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि खंडाळ्याला मुंबईकर साहेबांची ये-जा वाढली. १८६३ च्या एप्रिलमध्ये घाटातला लोहमार्ग सुरू झाल्यावर मुंबई-पुणे प्रवास सलग झाला आणि लोणावळा हे हवा खाण्याचे ठिकाण बनले. या मंडळींच्या सामानात जाड तळाचे बूट, लोकरीचे लांब मोजे आणि पोटऱ्यांवर गुंडाळायच्या लोकरी पट्ट्या असत. पट्ट्यांची चाल हिंदुस्थानातल्या डोंगरी मुलुखातून फौजेत शिरली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी साऱ्या ब्रिटिश सैन्याचा गणवेश बनली. लोकरीवर इंग्रजांचा विश्वास इतका की पोट गार पडल्याने पटकी होते असे मानून शिपायांना उन्हाळ्यातही फ्लॅनेलचा कमरपट्टा बांधायला लावत. पटकीचा जंतू पाण्यातून येतो हे सिद्ध झाल्यावरही तो पट्टा बरीच वर्षे सुटला नाही.

सह्याद्रीच्या रानात मात्र मोज्याची अडचण वेगळीच होती. पाऊस संपल्यापासून माघापर्यंत डोंगरउतार कुसळी गवताने भरलेले असतात. कुसळाला एका टोकाला तीक्ष्ण काटा आणि दुसऱ्या टोकाला पीळ असलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने काटा कापडात आत आत शिरत जातो. लोकरीची सैल वीण त्याला सर्वांत सोयीची. दोन तास चाललेल्या मोज्यात शेकडो कुसळे रुतलेली असतात आणि ती एकेक करून उपसावी लागतात. लोकरी पट्टीलाही ती चिकटतातच, पण घट्ट आवळलेल्या थरांतून कातडीपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागतो. अनवाणी हाकाऱ्याला या कटकटीतून सूट होती. त्याचे काटे पायात मोडत आणि बाभळीच्या काट्यानेच काढले जात.

मावळच्या सामान्य घरापर्यंत मोजा पोचला तो फौजेतून. मराठा पलटणींत पुणे, सातारा, कोकण या भागांतले तरुण पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आले. पहिल्या महायुद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या आणि डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ ला तिथली फौज शरण गेली. वाळवंटाचा देश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या मुलखातला हिवाळा पावसाचा, चिखलाचा आणि बोचऱ्या वाऱ्याचा. त्याच काळात फ्रान्सच्या खंदकांत ओल्या बुटांत दिवसचे दिवस उभे राहून हजारो सैनिकांचे पाय सुजून काळे पडत होते. त्यावरून सैन्याने जे नियम घालून दिले ते साधे होते: रोज मोजे बदलायचे, सुका जोड जवळ बाळगायचा, पाय कोरडे करून तेल चोळायचे, आणि पट्ट्या सैल बांधायच्या. घोंगडीत बसणाऱ्या मावळ्याला सैल बांधण्याचे शहाणपण नवे नव्हते. सुका जोड बाळगण्याची ऐपत मात्र नवी होती.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत लढल्या. अपेनाईन्सच्या डोंगरांत १९४४-४५ चा हिवाळा बर्फाचा. पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठी लढले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन लढायांच्या मधला तो हिवाळा ज्यांनी खंदकांत काढला त्यांना लोकरी मोज्याची किंमत पुरती कळली. युद्ध संपल्यावर पलटणीतून सुटून आलेल्यांच्या पेटीत भुरे कांबळे, जर्सी आणि मोजे असत. सैन्याचा जादा माल डिस्पोजलमध्ये निघाला आणि पुण्याच्या जुन्या बाजारासारख्या ठिकाणी लष्करी बूट, मोजे, कांबळी स्वस्तात मिळू लागली. शेतावर राखणीला बसणाऱ्याच्या पायांत पहिल्यांदा आलेले लोकरी मोजे बहुधा या वाटेचे.

घरात मोजे विणण्याची कला त्याआधीपासून शहरांत रुजत होती. मिशनच्या मुलींच्या शाळांतून सुयांवरचे विणकाम आले, आणि पुण्याच्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण-विणकामाला स्त्रियांच्या स्वावलंबनाचे साधन मानले. मोजा विणणे हे स्वेटरपेक्षा अवघड. चार सुयांवर गोल विणत यायचे, घोट्यापर्यंत एक सुलट एक उलट, मग अर्धे टाके बाजूला ठेवून उरलेल्या अर्ध्यांवर टाचेचा पडदा आणि त्याच्या कडेने टाके उचलून टाच वळवायची. टाच चुकली तर मोजा पायात फिरतो आणि बुटात त्याची घडी होऊन फोड येतो. या कामाला दख्खनी लोकर चालत नाही, ती टोचते आणि सुईवर तुटते. मोज्यांची लोकर बाहेरून येणारी: ऑस्ट्रेलियाच्या मेरिनो मेंढीची, कानपूर-धारीवालच्या गिरण्यांची, पुढे लुधियानाची. त्यामुळे मोजा मावळात आला तरी त्याने फलटणच्या धनगराला एक पैसाही मिळवून दिला नाही.

गिरणीच्या कांबळ्यांनी तर घोंगडीची जागाच घेतली. कानपूरची गिरणी १८७६ ची. ठाण्याच्या खाडीकाठी १९२५ मध्ये सुरू झालेली रेमंड ही गिरणीही आरंभी कांबळीच करी. फाळणीनंतर पानिपत हे चिंध्यांपासून पुन्हा काढलेल्या लोकरीचे केंद्र बनले आणि तिथले कांबळे घोंगडीच्या निम्म्याहून कमी दरात पडू लागले. ते हलके आणि मऊ, पण पावसात उपयोगाचे नाही. पाणी पिते आणि लोंबते. पावसाचे काम प्लास्टिकच्या कागदाने आणि रेनकोटाने उचलले. अशा प्रकारे एका घोंगडीची तीन-चार कामे तीन-चार स्वस्त वस्तूंत वाटली गेली आणि तिला स्वतःचे काम उरले नाही.

वलवणचे रानही विसाव्या शतकात बदलले. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वलवण आणि शिरवता इथे तलाव बांधले गेले, आणि त्यांच्या पाण्यावर १९१५ मध्ये घाटाखाली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. खाचरे आणि उतार पाण्याखाली गेले, उरलेल्या भागात रस्ते, बंगले, पुढे द्रुतगती मार्ग आला. शिकारीवर कायद्याचे बंधन १९१२ पासून वाढत गेले, मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी आणि पक्षी यांच्या संरक्षणाचा कायदा केला आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार जवळजवळ पूर्ण बंद झाली. रानडुकरांना हा कायदा वाचायची गरज पडली नाही. ती अजून भात निसवला की उतरतात. माळ्यावरची राखण म्हणूनच काही वाड्यांत टिकून आहे, फक्त गोफणीऐवजी बॅटरीचा झोत आणि फटाके.

लोकरीचा व्यवहार मात्र उलटला आहे. दख्खनी मेंढीचा संकर मांसासाठी वाढणाऱ्या माडग्याळसारख्या जातींशी होऊ लागला आणि त्या जातींच्या अंगावर लोकर नावालाच. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त झाल्याने कातरलेली लोकर कित्येक ठिकाणी टाकून दिली जाते. चरख्यावर बसणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या, खळ करणारे हात कमी झाले. ज्या मोजक्या मागांवर काम चालते त्यांची घोंगडी आता गादीवर अंथरायला, पाठदुखीवर उपाय म्हणून, देवघरात आसनाला किंवा शहरी घरात शोभेला जाते, आणि तिचा भाव शेतमजुराच्या आवाक्यातला राहिलेला नाही. लोणावळ्याच्या दुकानांत हिवाळ्यात जे गरम मोजे टांगलेले असतात ते बहुतांशी ॲक्रिलिकचे. राजमाचीच्या वाटेवर जाणारे तरुण तेच घालतात, आणि परतताना कुसळे उपसत बसतात.